वार पडली का?

बाळंतपण झालं म्हणून घरात पेढ्यांची भाषा सुरू होते तेव्हा ते अजून संपलेलं नसतं. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कुणावर गेलं, हे सगळं आधी विचारलं जातं. ‘वार पडली का?’ असं विचारणारी बाई एखादीच, आणि ती बहुधा म्हातारी. गोठ्यात मात्र उलटं असतं. गाय व्यायली की वार पडेपर्यंत शेतकरी तिथून हलत नाही. वासरू उभं राहिलं तरी त्याची नजर गाईच्या मागे असते, कारण वार अडकली तर जनावर हातचं जाऊ शकतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बाईच्या बाबतीत ही राखण कोणी करायची आणि वार अडलीच तर हात कुठे लावायचा, हे दोन प्रश्न निदान दोन हजार वर्षं मागे लागलेले आहेत. त्यांचा माग काढताना चरकाच्या सूतिकागारापासून बेळगावच्या उपकेंद्रांपर्यंत फिरून यावं लागतं, आणि वाटेत लंडनमधल्या एका घरात बराच वेळ थांबावं लागतं.

आधी शरीराचं गणित. मूल बाहेर आलं की गर्भाची पिशवी झपाट्याने आवळते. वारेला आवळता येत नाही. फुगलेल्या फुग्यावर कागद चिकटवावा आणि हवा सोडावी, तसं तिचं होतं: खालची जागा आक्रसते आणि ती सुटते. बहुतेकींच्या बाबतीत हे अर्ध्या तासाच्या आत, पुष्कळदा दहा मिनिटांतच उरकतं. भरल्या दिवसांत पिशवीकडे दर मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असतं. वार सुटल्यावर त्या सगळ्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात आणि ती बंद करण्याचं काम करतात पिशवीचेच आडवेतिडवे विणलेले स्नायू. ते आवळले की वाहिन्या चिमटल्या जातात. वार अर्धी सुटून अर्धी चिकटून राहिली तर पिशवीला पुरतं आवळता येत नाही आणि रक्त वाहतच राहतं. अडण्याची कारणं मुख्यतः तीन. वार सुटलेली असते पण पिशवीचं तोंड मिटत आल्यामुळे आत कोंडली जाते; किंवा वारेच्या मागचा स्नायूच आवळत नाही म्हणून ती सुटतच नाही; किंवा ती स्नायूत रुजलेली असते. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. नाळ लोंबते आहे, वार येत नाही. पुढचा सगळा इतिहास घडला तो ही तिन्ही एकच समजून.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात प्रसूतीचं वर्णन आहे. मूल झाल्याबरोबर पहिलं काम सांगितलं आहे ते वार पडली की नाही हे पाहण्याचं. बाळाच्या उपचारांचं वर्णन त्यानंतर येतं. वार पडली नसेल तर भोवतीच्या बायकांपैकी एकीने उजव्या हाताने बेंबीच्या वर जोराने दाबावं, डाव्या हाताने पाठ धरून बाळंतिणीला चांगलं हलवावं. टाचेने कटिभागावर आघात करावा. मग तिच्याच वेणीचं टोक घशाला आणि टाळूला लावावं. भूर्जपत्र आणि सापाची कात यांची धुरी द्यावी. एवढ्यावर न थांबता बस्ती सांगितला आहे, आणि त्यामागचं कारणही दिलं आहे: अडकलेला वारा, मूत्र आणि मळ वारेची वाट अडवतात, ते निघाले की वार निघते. धुरीचं जाऊ द्या. पण भरलेलं मूत्राशय वारेच्या आड येतं हे आजही लेबर रूममधलं पहिलं वाक्य आहे. वार लांबली की सिस्टर आधी लघवी करवते, होत नसेल तर नळी घालते.

सुश्रुत शल्यवाला, त्यामुळे त्याचा हात पुढे जातो. केस गुंडाळलेलं बोट घशात फिरवणं त्याच्याकडेही आहे, कळलावीच्या मुळाचा लेप तळहातांना आणि तळपायांना लावणं आहे. (पावसाळ्यात कोकणाच्या कुंपणावर फुलणारी ही वेल अत्यंत विषारी आहे.) पण मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या मुलाच्या, चिकित्सेत तो स्पष्ट म्हणतो, की योनीला तेल लावून वार हाताने काढावी किंवा दोन्ही बाजूंनी दाबून पाडावी. म्हणजे पोटावरचा हात, घशातलं बोट, आणि शेवटी आतला हात. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत यांत फारशी भर पडली नाही.

ग्रीसमधले लोकही वेगळं काही करत नव्हते. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत तपकिरीसारखं काही हुंगवून शिंक आणावी आणि त्याच वेळी नाकतोंड दाबून धरावं असा सल्ला आहे. त्याच परंपरेतल्या दुसऱ्या एका ग्रंथातली युक्ती मला फार आवडते: नाळ न कापता बाळाला पाण्याने भरलेल्या दोन पखालींवर ठेवायचं आणि पखालींना बारीक भोक पाडायचं. पाणी झिरपेल तशा पखाली बसत जातात, बाळ हळूहळू खाली येतं आणि त्याच्याच वजनाने वार ओढली जाते. ओढायची आहे, पण हाताच्या घिसाडघाईने नाही, हे त्या अज्ञात वैद्याला उमगलं होतं.

वेणीचं टोक चरकाकडून सुइणीकडे गेलं की सुइणीकडून चरकाकडे, हे कोणी सांगू शकणार नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे; ग्रंथ लिहिणारा पुरुष त्या खोलीत बसलेला नसणार, त्याने बायकांना विचारूनच लिहिलं असणार. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हा उपाय विसाव्या शतकातही चालत होता. बाळंतिणीला उकिडवं बसवायचं, केसांचा शेव तोंडात द्यायचा, उमासे आले की पोट आवळतं. कुठे बाटलीत जोराने फुंकायला लावायचं. वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, हा नियम पुष्कळ सुइणी पाळत. नाळ कापली तर वार वर चढेल, छातीशी जाईल, ही भीती त्यामागे होती. वार वर चढत नाही. पण या भीतीमुळे एक गोष्ट घडत असे: नाळ जोडलेली आहे तोवर बाळाला उचलून कोणी बाहेर नेऊ शकत नसे, आणि म्हणून सगळ्यांचं लक्ष बाळंतिणीजवळच राहत असे.

या उपायांनी वार पडत होती का? हो, पडत होती. सुटून खाली येऊन थांबलेली वार उमाशाने, खोकल्याने, शिंकेने, उकिडवं बसल्याने बाहेर येते. पण तिला नाही तरी यायचंच होतं. श्रेय वेणीला मिळालं. जी चिकटलेली होती तिच्यावर उमाशाचा काही परिणाम होणार नव्हता, आणि त्या बाईचे तास मात्र जात होते. उपाय बहुतेक वेळा लागू पडतो आणि जिथे खरी गरज आहे तिथेच पडत नाही, अशी गोष्ट परंपरेतून निघून जायला फार वेळ लागतो. आधुनिक रुग्णालयांतही तेच झालं, ते पुढे येईल.

आता लंडन. बुधवार, ३० ऑगस्ट १७९७. स्त्रियांच्या हक्कांवरचं गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या मेरी वुलस्टनक्राफ्टला पहाटे कळा सुरू झाल्या. तिने सुईणच बोलावली होती. वेस्टमिन्स्टरच्या सूतिका रुग्णालयातल्या मिसेस ब्लेंकिन्सॉप. डॉक्टरची गरज नाही, बाळंतपण हा आजार नव्हे, असं मेरीचं मत होतं. नवरा विल्यम गॉडविन याने खोलीत येऊ नये, बाळ आपणच त्याच्या हाती देऊ, असंही ठरलं होतं. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. गॉडविन खाली वाट पाहत राहिला. बोलावणं येईना. दोन वाजून गेल्यावर निरोप आला, की वार आलेली नाही, सुइणीला पुढे हात लावायची हिंमत होत नाही, डॉक्टर आणा.

गॉडविन धावत जाऊन त्याच रुग्णालयाचे डॉ. पॉइग्नँड यांना घेऊन आला. त्यांनी लगेच हात घालून वार काढायला घेतली. ती तुकड्यातुकड्यांनी आली. सगळी आली असं डॉक्टरांना वाटलं. ती आली नव्हती. रक्त खूप गेलं, मेरी शुद्धीवर येई आणि पुन्हा बेशुद्ध होई. पुढचे दोन-तीन दिवस जरा बरे गेले. रविवारी थंडी वाजून हुडहुडी भरली, पलंग हलेल इतकी. सूतिकाज्वर चढला. दूध बाळाला पाजायचं नाही म्हणून ते ओढायला कुत्र्याची पिल्लं आणली. १० सप्टेंबरच्या सकाळी ती गेली. तिची मुलगी पुढे मेरी शेली या नावाने ओळखली गेली आणि १८१८ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ची लेखिका झाली.

हे सगळं आपल्याला कळतं ते गॉडविनने पुढच्याच वर्षी बायकोच्या आठवणी छापल्या म्हणून. त्यातल्या इतर कबुल्यांमुळे त्याच्यावर टीकेची झोड उठली. पण मूल झाल्यावर दोन-अडीच तास एका खोलीत काय चाललं होतं आणि दाराबाहेर कोणाला काही कळलं कसं नाही, याची इतकी नेमकी नोंद त्या काळात फार थोडी सापडते. पॉइग्नँडला दोष देणं सोपं आहे. त्याने हात धुतले नसतील, कारण तेव्हा फारसं कोणी धूत नव्हतं. रुग्णालयातला त्याचा तो हात आधी कुठे कुठे लागला असेल कोण जाणे. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले ते १८४७ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनंतर, आणि तेव्हाही त्याला वेड्यातच काढलं गेलं. त्याआधी आत हात घालणं म्हणजे रक्तस्रावापासून वाचवून तापाच्या हवाली करणं होतं. हात न घालावा तर बाई रात्रीत जाते, घालावा तर आठवड्यात. एकोणिसाव्या शतकातले युरोपातले प्रसूतितज्ज्ञ वारेवरून एवढे का भांडले, ते या कात्रीमुळे.

भांडण होतं हात बाहेर ठेवून काय करता येईल याचं. जर्मनीत कार्ल क्रेडे याने १८५३ पासून एक पद्धत मांडली: पोटावरून पिशवीचा माथा मुठीत धरायचा, अंगठा पुढे, चार बोटं मागे, आणि कळ आली की पिळायचं. हाच क्रेडे नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालून असंख्य मुलांना अंधत्वापासून वाचवणारा. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं आणि वार पिळून काढणं जगभर गेलं. चरकाने सांगितलेलं बेंबीच्या वरचं दाबणं आणि हे पिळणं यांत तत्त्वाचा फरक फारसा नाही. क्रेडेच्या विरोधात त्याच्याच देशात फ्रीडरिश आल्फेल्ड उभा राहिला. त्याचं म्हणणं, पिशवीला हात लावूच नका. दीड-दोन तास थांबा, रक्त जात नसेल तर ती आपली आपण पडेल. दोघांच्याही बाजूने आकडे होते, कारण दोघेही आपल्याच रुग्णालयातल्या बायका मोजत होते.

तिसरी वाट नाळेची. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या मरी ब्रँट यांनी आणि १९४० मध्ये व्हर्जिनियाच्या अँड्र्यूज यांनी जवळपास सारखीच पद्धत सांगितली. एका हाताने नाळेचा चिमटा धरायचा आणि दुसऱ्या हाताने ओटीपोटावरून पिशवी वर ढकलायची. आज लेबर रूममध्ये नाळेला जो बेताचा ताण देतात त्याची मुळं इथे आहेत. वर ढकलणारा हात नसेल तर नाळ ओढल्यावर पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते, आणि ते वार अडकण्यापेक्षा भयंकर. घरच्या बाळंतपणात ‘जरा ओढून बघू’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ऐकून ठेवावं.

पण या सगळ्या हातांना मागे टाकलं ते औषधाने. राय धान्याच्या कणसावर एक काळी बुरशी धरते, अर्गट. युरोपातल्या सुइणींना तिची कळा आणण्याची ताकद माहीत होती. न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन स्टर्न्सने १८०८ मध्ये डॉक्टरांना तिची ओळख करून दिली आणि लवकर मोकळं करायचं चूर्ण म्हणून ती सर्रास वापरात आली. मूल बाहेर येण्याआधी दिली की पिशवी इतकी आवळे की मूल गुदमरे, कधी पिशवीच फाटे. १८२४ मध्ये डेव्हिड होसॅक यांनी बजावलं, की हे मरणाचं चूर्ण आहे, द्यायचंच तर मूल झाल्यानंतर रक्तस्रावासाठी द्या. १९३५ मध्ये लंडनमध्ये डडली आणि मॉयर यांनी तिच्यातलं नेमकं द्रव्य वेगळं केलं, अर्गोमेट्रिन. आपल्याकडच्या नर्सबाईंच्या तोंडी असलेलं ‘मेथर्जिन’ हे त्याच घराण्यातलं. दुसरं घराणं मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचं. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये तिच्या अर्कानं पिशवी आवळते हे दाखवलं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

मग मोजणी आली. ब्रिस्टलमध्ये १६९५ बायकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. एका गटात इंजेक्शन, नाळ लगेच कापणं, नाळेला ताण. दुसऱ्यात काही न करता वाट पाहणं. १९८८ मध्ये निष्कर्ष आले. वाट पाहणाऱ्या गटात १७.९ टक्के बायकांना अर्धा लिटर किंवा जास्त रक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात ५.९ टक्के. आल्फेल्ड हरला असं वाटलं. पण तीन गोष्टींतली कामाची कोणती, हा प्रश्न उरलाच होता. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आठ देशांत चोवीस हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास केला आणि २०१२ मध्ये सांगितलं: खरं काम इंजेक्शनचं आहे. नाळेला ताण दिला काय आणि न दिला काय, मोठ्या रक्तस्रावात नगण्य फरक पडतो. नाळ लगेच कापण्याची तर गरजच नाही, उलट एक ते तीन मिनिटं थांबलं तर बाळाला जास्त रक्त मिळतं. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं ज्या पिळण्या-ओढण्यावरून विद्वान भांडले ते बहुतांशी वेणीच्या टोकासारखंच निघालं.

आपल्याकडे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. विषय त्यांनी आठ हजार मैलांवर बसून का निवडला हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय उघडलं, फक्त बायकांसाठी, बायका डॉक्टरांच्या हाताखाली. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये देशी दायांना शिकवण्यासाठी निधी उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरही सुईण-प्रशिक्षणाची शिबिरं होत राहिली: नखं कापा, हात साबणाने धुवा, नवी ब्लेड वापरा. मग २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि सरकारने दिशा बदलली. बाळंतपण दवाखान्यातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं संस्थांमध्ये झालेली दिसतात. माता मृत्यूचं प्रमाण २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १३० होतं, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आलं. यात रस्ते, रक्तपेढ्या, आशाताई, २०१४ पासूनची १०८, सगळ्यांचा वाटा आहे. ज्यांना सुईण गेल्याचं दुःख होतं त्यांनी हा आकडा समोर ठेवावा. मलाही ठेवावा लागतो.

बेळगावची गोष्ट या मधल्या काळातली, आणि मला वाटतं मराठी वाचकाला ती माहीत असायलाच हवी. ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंशांचा फ्रीज लागतो, सुई लागते. जिथे वीजच दिवसातून काही तास, तिथे काय करायचं? जठरव्रणासाठी निघालेली मिसोप्रोस्टॉलची गोळी पिशवी आवळते आणि तिला फ्रीज लागत नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या १६२० बायकांवर चाचणी घेतली. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या एएनएम नर्सबाई. मूल झाल्याबरोबर निम्म्यांना मिसोच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कोऱ्या गोळ्या. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले: रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर.

पण त्या चाचणीतली खरी कामाची वस्तू गोळीइतकीच एक चादर होती. रक्त किती गेलं हे नर्सबाईने सांगायचं कसं? डोळ्यांनी? कपडे भिजतात, गादीत मुरतं, जमिनीवर राखेत मिसळतं. म्हणून एक साधी प्लास्टिकची चादर केली. ती बाईच्या कमरेखाली सरकवायची, वरच्या फिती पोटावर बांधायच्या, खालचं टोक निमुळतं होत नरसाळ्यासारख्या पिशवीत उतरतं आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्या. नजर आणि चादर यांची तुलना तिथे करून पाहिली तेव्हा नजरेचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. अनुभवी नजरसुद्धा रक्त कमीच पाहते. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांत अशाच मापाच्या चादरीने रक्तस्राव लवकर ओळखून सगळे उपचार एकदम सुरू करून पाहिले, तर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. दोन हजार वर्षं वार कशी काढायची यावर डोकं खाजवलं. रक्त नीट मोजायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.

अडकलेल्या वारेवर स्वतंत्र औषध अजूनही नाही. नाळेच्या शिरेतून काहीतरी सोडून वार सोडवावी ही कल्पना एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. २०१० मध्ये ब्रिटन, युगांडा आणि पाकिस्तानातल्या ५७७ बायकांवर ती कसोशीने तपासली, ऑक्सिटोसिन सोडून. उपयोग झाला नाही; दोन्ही गटांत दहांपैकी सहाजणींना हातानेच वार काढावी लागली. म्हणजे फिरून सुश्रुतापाशी. फरक आहे तो भोवतालच्या गोष्टींत. भूल दिली जाते किंवा द्यायला हवी. सलाईन चालू, रक्ताची सोय, अँटिबायोटिकचा डोस, कोपरापर्यंतचे हातमोजे. डॉक्टर एक हात पोटावरून पिशवीच्या माथ्यावर ठेवतात. दुसऱ्या हाताची बोटं जुळवून निमुळती करून नाळेच्या मागाने आत जातात. वारेची कड सापडली की हाताची कड करवतीसारखी पण हळू, वार आणि पिशवी यांच्या मधून फिरवतात. पूर्ण सुटेपर्यंत ओढायचं नाही. बाहेर आल्यावर वार ट्रेमध्ये पालथी पसरून तिचे पंधरा-वीस खंड जुळवून बघायचे, एखादा तुकडा कमी तर नाही. पॉइग्नँडचं चुकलं ते इथे.

ज्या बाईवर हे चाललेलं असतं तिच्याकडे येऊ. तिला वाटत असतं, सगळं संपलं. बाळ रडलं, कोणीतरी ते पुसून गुंडाळून नेलं. मग खोलीत अचानक माणसं वाढतात, कोणी पोट दाबतं, कोणी दुसऱ्या हाताला सुई लावतं, सही घ्यायला कागद बाहेर जातो. कुणी काही सांगत नाही. भूल नीट न देता आत हात घातला गेला तर ती वेदना कळांपेक्षा वाईट, असं ज्यांनी सोसलं आहे त्या सांगतात. चरकाच्या खोलीत तिच्याभोवती अनुभवी बायका होत्या. दवाखान्याने बाई वाचवली पण त्या बायकांना दाराबाहेर बाकावर बसवलं, आणि मोठ्या वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला तीन-तीन टेबलं आली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी असं कळवलं. त्याची अंमलबजावणी कुठे होते, कुठे जागेच्या नावाखाली होत नाही.

सोबत असणाऱ्या आईने, सासूने, बहिणीने, जिथे चालतं तिथे नवऱ्याने काय करायचं? वार काढायची नाही, हे पहिलं. पोट चोळायचं नाही, नाळ ओढायची नाही, घशात काही घालायचं नाही. तिला लघवीला जायचं आहे का, हे विचारायचं. बाळ तिच्या छातीशी द्यायला सांगायचं. चोखण्याने शरीरातलं ऑक्सिटोसिन सुटतं. तेवढ्यानेच रक्तस्राव थांबतो असं मात्र नाही, मलावीत सुइणींकडून तसा प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक दिसला नव्हता. म्हणून ते इंजेक्शनच्या जागी नाही, तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. तिचा चेहरा बघत राहायचा: ओठ पांढरे, घाम गार, सारखी तहान, तगमग, ‘मला कसंतरी होतंय’ हे शब्द. हे मशिनच्या आधी सोबतीणीला कळतं आणि ते मोठ्याने सांगायचं, सिस्टर रागावली तरी. अर्धा तास झाला आणि वार नाही, तर ‘पुढे काय’ हे विचारायचं. भूल देणार का, हेही. मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं तर नुसतं बाळ घेऊन घरी जायचं नाही, बाळही तिच्याबरोबर जातं, आणि १०८ मध्ये तिला पांघरूण हवं, कारण रक्त गेलेलं अंग गार पडतं.

हे सगळं उरकल्यावरही काही दिवस लक्ष ठेवावं लागतं. रक्त बरंच गेलं असेल तर पान्हा उशिरा येतो, आणि घरात कोणीतरी ‘हिला दूधच नाही’ म्हणून वरचं सुरू करतं. ताप, घाण वास, पुन्हा जास्त अंगावरून जाणं, यांतलं काही दिसलं तर डिंकाच्या लाडवांवर भागत नाही, दवाखाना गाठायचा. आणि तिला त्या रात्री नेमकं काय झालं ते कोणीतरी बसून सांगायला हवं. डिस्चार्जच्या कागदावर वार हाताने काढल्याची नोंद असते; ती जपून ठेवायची आणि पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत दाखवायची, कारण एकदा अडलेली वार पुन्हा अडण्याची शक्यता जास्त असते. तिने पुढचं बाळंतपण उपकेंद्रात करायचं नाही, रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच करायचं.

तिसऱ्या प्रकारची, स्नायूत रुजलेली वार चरकाला किंवा क्रेडेला क्वचितच भेटली असेल. ती आता वाढते आहे, आणि तिचं मोठं कारण आधीचं सिझेरियन. जुन्या व्रणावर वार रुजली की ती सुटत नाही. हाताने सोडवायला गेलं तर रक्ताचा लोट येतो आणि पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. शहरातल्या खासगी दवाखान्यांत गरज नसताना केलेल्या सिझेरियनचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला असा होतो. अशा बाईची सोनोग्राफी करताना वार जुन्या व्रणावर तर नाही ना, हे मुद्दाम बघायला सांगावं लागतं. ते सांगायचं काम पुन्हा त्याच एखाद्या बाईचं, जी वजन आणि नाकाआधी वारेची चौकशी करते.